आयुष्मान कार्ड आणि पोटाचा वैद्य

आमचे वडील बंधु यंदा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. गेल्या महिन्यांत त्यांच्या पोटांत जेवणानंतर आग पडूं लागली. वहिनींचा ओवा आणि आमचें सुंठीचें पाणी, दोन्ही हरलीं. पुढें शौचास डांबरासारखें काळें झालें, तेव्हां बाळकुमांतील आमच्या नेहमींच्या डॉक्टरांनीं निक्षून सांगितलें, "आजच पोटविकारतज्ज्ञांकडे न्या. आंत रक्तस्राव असावा."

इंग्रजींत या तज्ज्ञास गॅस्ट्रोएंटरॉलॉजिस्ट म्हणतात. त्या लांबलचक शब्दांतील ग्रीक 'एंटेरॉन' आणि आपलें संस्कृत 'अन्त्र' हीं सख्खीं भावंडें आहेत. असो.

दादांजवळ आयुष्मान वयवंदना कार्ड होतें. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गांठलेल्या प्रत्येकास, उत्पन्न न पाहतां, हें कार्ड मिळतें. वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचाराची सोय होते. मात्र पतिपत्नी दोघेंही सत्तरीपुढील असल्यास ती रक्कम दोघांत मिळून असते. तें कार्ड घेऊन आम्ही कापूरबावडीच्या गर्दींतून मोठ्या ऐटींत एका रुग्णालयांत गेलों. तेथें तज्ज्ञांच्या तपासणीची फी रोख मागितली. मास्तरकीची जुनी खोड! आम्हीं खिडकीपाशींच पाठ द्यावयास आरंभ केला. खिडकींतील मुलगी शांतपणें म्हणाली, "आजोबा, कार्ड डॉक्टरांच्या फीला चालत नाही. पेशंट ॲडमिट झाला की चालतं." चूक आमचीच होती. ही योजना दाखल रुग्णासाठीं आहे. नुसत्या सल्ल्यासाठीं नाहीं.

दुसऱ्या दिवशीं दुसरें रुग्णालय गांठलें. तें योजनेंत होतें, परंतु हाडांच्या आणि डोळ्यांच्या उपचारांपुरतें! रुग्णालयांस मान्यता विभागवार मिळते, हें आम्हांस तेथें कळलें. घरीं येतांना दादांना जिन्यांत घेरी आली. चारशें-पांचशें रुपयांच्या फीसाठीं आम्हीं दोन दिवस दवडले, याची लाज अजून वाटते.

अखेर पुतण्यानें १४५५५ या क्रमांकावर फोन करून नेमकें विचारलें : पोटाच्या विकारांसाठीं मान्यता कोठें आहे, आणि दुर्बिणीची तपासणी तेथेंच होते काय? त्याच संध्याकाळीं दादा दाखल झाले. कार्डाचे सोपस्कार तेथील आरोग्यमित्रानें केले. दुर्बिणींतून जठरांतील व्रण दिसला व रक्त तेथल्या तेथें थांबविण्यांत आलें. गुडघेदुखीच्या गोळ्या महिनेन् महिने, त्याहि उपाशीपोटीं, घेतल्याचा तो परिणाम, असें तज्ज्ञ म्हणाले. घरांत कोणासच त्यांचा पत्ता नव्हता.

दादा आतां घरीं आहेत. ती गोळ्यांची डबी वहिनींनीं आपल्या कपाटांत कुलूपबंद केली आहे, आणि किल्ली कोठें आहे तें आम्हांसहि सांगत नाहींत.