आपल्या कामाचा धनी

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण महाराष्ट्रात फार जुनी आहे. आज मात्र लोकांच्या मनात तिचा क्रम उलटा झाला आहे. वसई-विरार शहरातील बोळिंज येथून रोज सकाळी असंख्य माणसे विरार स्थानकाकडे लगबगीने जातात व मुंबईच्या कचेऱ्या गाठतात. महिनाअखेर ठरलेला पगार मिळावा, आजारपणात रजा असावी, ही त्यांची अपेक्षा रास्तच आहे. परंतु याच परिसरात फुले, केळी व भाजीपाला पिकविणारे वाडीवाले आहेत. शिंपी, सुतार, मूर्तिकार व चित्रकारही आहेत. ही माणसे अनिश्चित मिळकतीचा मार्ग का पत्करतात?

‘कोणाचे ऐकावे लागू नये म्हणून’, असे पुष्कळांना वाटते. हा समज खरा नव्हे. बोळिंजजवळील आगाशीची सुकेळी प्रसिद्ध आहेत. पिकलेली केळी सोलून ती उन्हात वाळवावी लागतात. आभाळ भरून आले, तर ती उचलण्याचा हुकूम कोणी साहेब देत नाही. वाडीवाल्यालाच धावावे लागते. उशीर झाला तर नुकसान त्याचे, माल उत्तम उतरला तर नावही त्याचेच. निर्णय आपला आणि त्याचे फळही आपले, ह्या समाधानासाठीच माणूस स्वतंत्र धंदा करतो.

कलावंताच्या ठायी ही ओढ अधिकच तीव्र असते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले धुंडिराज गोविंद फाळके सरकारच्या पुरातत्त्व खात्यात नोकरीस होते. ती सोडून ते छपाईच्या व्यवसायात आणि पुढे चित्रपटाकडे वळले. भांडवलासाठी त्यांनी आयुर्विम्याची पॉलिसी गहाण ठेवली आणि 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट लोकांपुढे आणला. पुढे नाशिकला भागीदारीत कंपनी निघाली. पण भागीदारांशी मतभेद होताच ते काही काळ तिच्यातून बाहेरही पडले. आपल्या कलेविषयीचा निर्णय दुसऱ्याने घ्यावा, हे त्यांना मानवले नाही.

ह्या स्वातंत्र्याची किंमत मात्र एकट्याने मोजता येत नाही. फाळके यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी आपले दागिने दिले, चित्रपटाच्या कामात रात्रंदिवस कष्ट केले आणि काम करणाऱ्या मंडळींचा स्वयंपाकही सांभाळला. उत्तरायुष्यात ह्या कुटुंबाला ओढगस्त सोसावी लागली. म्हणून घरच्या माणसांशी विचारविनिमय न करता, गाठीशी चार पैसे न ठेवता अशा धंद्यात उडी घेणे हे धाडस नव्हे, तो अविचार होय.

नोकरी कनिष्ठ आहे, असा ह्याचा अर्थ नाही. रुग्णाची शुश्रूषा करणारी परिचारिका आणि आगगाडी चालविणारा चालक नोकरीतच असतात. त्यांच्यावाचून समाजाचे क्षणभरही चालणार नाही. मात्र बोळिंजच्या एखाद्या मुलीने चित्रकलेवर उपजीविका करावयाचे ठरविले, तर वडीलधाऱ्यांनी ‘पगार किती मिळेल?’ एवढेच विचारून थांबू नये. ‘चित्रे विकली गेली नाहीत, तर काय करशील?’ असेही विचारावे. ह्या प्रश्नाचे उत्तर तिने नीट विचार करून दिले, तर तिची वाट अडवू नये.