रोजमेळ स्वतःचा

बारावीचे निकाल लागले, प्रवेशाच्या याद्या झळकल्या आणि श्रीगोंद्याच्या बाजारपेठेतील अनेक घरांतून मुले-मुली पुण्याला, अहिल्यानगरला शिक्षणासाठी निघाली. पेटीत कपडे, पुस्तके, घरचा खाकरा आणि लोणचे असते. हातात मोबाइल असतो आणि त्या मोबाइलमध्ये पैसे देण्या-घेण्याची सारी व्यवस्था असते. मात्र त्या व्यवस्थेचे शिक्षण बहुतेकांना मिळालेले नसते. म्हणून या महिन्याचा लेख विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठीही आहे.

व्यापारी घरातील मुलाला पैशाची ओळख लवकर होते. शाळेतून आल्यावर तो गल्ल्यावर बसतो, तेलाच्या डब्याचा भाव सांगतो, सुट्टे अचूक मोजून देतो. परंतु त्याच मुलाला ‘तुझ्या स्वतःवर महिन्याला किती खर्च होतो?’ असे विचारले तर उत्तर येत नाही. नोकरदाराच्या घरात पगार ठराविक असतो, त्यामुळे मर्यादा आपोआप कळते. आपल्याकडे हवे तेव्हा गल्ल्यातून घेतले जाते. तो गल्ला दुकानाचाही असतो, घराचाही असतो आणि आपलाही असतो, अशी समजूत लहानपणापासून होते. अर्थशिक्षणाचा पहिला धडा ही समजूत मोडण्याचा आहे. पैसा कोणाचा आणि नाव कोणाचे, हे दोन प्रश्न प्रत्येक व्यवहारापूर्वी विचारण्याची सवय लागली, तर पुढचे सारे सोपे होते.

तीन थैल्या

आपल्या वाडवडिलांच्या पेढीवर हा भेद काटेकोरपणे पाळला जात असे. मालकाने घरासाठी शेरभर साखर नेली तरी मुनीम ती घरखर्चाच्या खात्याला नावे टाकीत असे. आज अकरावीच्या पुस्तपालनात ‘उचल’ या नावाने तेच शिकवले जाते: धंदा वेगळा आणि मालक वेगळा. दुकानाची थैली, घराची थैली आणि विद्यार्थ्याची थैली अशा तीन थैल्या मानाव्यात आणि एकीतून दुसरीत जाणारा प्रत्येक रुपया लिहिला जावा.

हे विशेषतः आपल्या तालुक्यात आवश्यक आहे, कारण येथील बाजाराची आवक हंगामी आहे. उसाचे बिल निघाले की उधारी वसूल होते. लिंबाला भाव आला की गिऱ्हाईक हात सैल सोडते. वसुली झाली की मुलाला भरपूर पैसे पाठवायचे आणि बाजार मंदावला की हात आखडायचा, असे घडले तर त्याला नियोजन कधीच शिकता येणार नाही. हंगामाचा चढउतार दुकानाने सोसावा. विद्यार्थ्याला दर महिन्याच्या एक तारखेला ठरलेली रक्कमच मिळावी. मध्येच संपली तर काय, हा प्रश्न त्याने सोडवावा. आजारपण किंवा परीक्षेचे शुल्क अशी खरी अडचण असेल तर गोष्ट वेगळी.

रोजमेळ कसा लिहावा

त्यासाठी साधी वही पुरेशी आहे. आरंभीची शिल्लक, जमा, नावे आणि अखेरची शिल्लक, एवढेच चार भाग. उदाहरणार्थ, खोलीभाडे व मेस घरून परस्पर भरले जात असून हातखर्चासाठी 4,000 रुपये मिळतात असे धरू. त्यांतील 500 रुपये एक तारखेलाच बचतीकडे वळवावेत, 1,000 रुपये प्रवास व पुस्तकांसाठी, 500 रुपये अडचणीसाठी बाजूला ठेवावेत आणि उरलेल्या 2,000 रुपयांत महिना काढावा. रोज झोपण्यापूर्वी वहीची शिल्लक खात्यातील व खिशातील शिल्लकेशी ताडून पाहावी. मोबाइलमध्ये व्यवहारांची यादी असते, मग लिहायचे कशाला, असे मुले विचारतात. ती यादी पैसे कोणाला गेले एवढेच सांगते. कशासाठी गेले आणि जायला हवे होते का, हे लिहिताना कळते.

श्रावकाच्या पाचव्या अणुव्रतात परिग्रहाचे परिमाण करावयाचे असते. क्षेत्र, वास्तू, हिरण्य, सुवर्ण, धन, धान्य अशा प्रत्येक बाबतीत ‘मला इतकेच’ अशी मर्यादा आधीच आखायची असते. आजच्या भाषेत त्याला अंदाजपत्रक म्हणता येईल. खर्च झाल्यावर पश्चात्ताप करण्यापेक्षा तो होण्यापूर्वी सीमा ठरवणे, हा त्यामागील विचार विद्यार्थ्याच्या चार हजारांनाही तितकाच लागू पडतो.

खाते आणि सही

दहा वर्षांवरील मुलांना बँकेच्या मर्यादेत स्वतःचे बचत खाते उघडून चालवता येते, असे रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2025 च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे. तेव्हा महाविद्यालयात जाईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. अठरा वर्षे पूर्ण होताच नवी सही, ओळखपत्रे आणि नामनिर्देशन देऊन खाते सज्ञान म्हणून नियमित करून घ्यावे.

येथे पालकांना एक स्पष्ट गोष्ट सांगितली पाहिजे. मुलाच्या बचत खात्याचा क्यूआर कोड दुकानाच्या गल्ल्यावर लावण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. बचत खाते धंद्यासाठी नसते. शिवाय एका आर्थिक वर्षात बचत खात्यांत एकूण दहा लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख भरली गेल्यास बँक ती माहिती आयकर विभागाला कळवते. नोटीस येते ती खातेदाराच्या नावाने. अज्ञान मुलाच्या ठेवींवरील व्याज सामान्यतः आई-वडिलांपैकी ज्याचे उत्पन्न अधिक, त्याच्या उत्पन्नात मिळवले जाते; अठरानंतर मात्र ते त्या मुलाचेच उत्पन्न ठरते आणि जबाबदारीही त्याचीच असते. आपल्या नावावर कोणत्या ठेवी, कोणती खाती आहेत आणि आपला पॅन कोठे दिला गेला आहे, हे विचारण्याचा मुलांना अधिकार आहे. त्यांनी तो नम्रतेने वापरावा.

भाड्याचे खाते

वसतिगृहात एखादा ओळखीचा येतो आणि म्हणतो, ‘तुझे खाते महिनाभर वापरू दे, पाच हजार देतो.’ सायबर फसवणुकीतील पैसा फिरवण्यासाठी अशी खाती लागतात. फसवला गेलेला माणूस तक्रार करतो, तपास पैशाच्या मार्गाने चालतो आणि पहिला पत्ता निघतो तो या विद्यार्थ्याचा. खाते गोठवले जाते, पोलीस चौकशी होते आणि पुढे नोकरी, पारपत्र, कर्ज या प्रत्येक ठिकाणी त्याची सावली पडू शकते. ‘मी पैसे घेतले नाहीत, फक्त खाते दिले’ या बचावाला फारसा अर्थ उरत नाही.

प्रतिक्रमणात तिसऱ्या व्रताचे पाच अतिचार आपण म्हणतो. चोराने आणलेली वस्तू घेणे हा त्यांतलाच एक आहे. भाड्याने दिलेल्या खात्यात येणारा पैसा तोच असतो. हे मुलांना त्या शब्दांतच समजावून सांगितले तर ते विसरणार नाहीत. त्यासोबत दोन व्यवहारी गोष्टी पाठ असाव्यात: यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीही लागत नाही, आणि फसवणूक झाल्याचे कळताच लाजत न बसता 1930 या क्रमांकावर तक्रार करावी. उशीर जितका कमी, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता अधिक.

व्याजाची भाषा

बाजारात ‘दीड टक्का’ म्हटले की तो महिन्याचा असतो, बँकेत द.सा.द.शे. म्हणजे वर्षाचा. व्यापाऱ्याच्या मुलाला हा फरक ठाऊक असतो, पण मोबाइलवरील झटपट कर्जापुढे तो विसरतो. समजा 5,000 रुपयांचे कर्ज तीस दिवसांसाठी मिळाले. त्यातून 750 रुपये शुल्क आधीच कापून 4,250 रुपये हाती आले आणि महिनाअखेर 5,000 फेडायचे आहेत. म्हणजे 4,250 वर महिन्याला 750, अर्थात साडेसतरा टक्क्यांहून अधिक. साध्या हिशेबानेही वर्षाला 211 टक्के होतात. आपल्या बाजारातील कडक सावकारही हा दर सांगायला धजणार नाही.

रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अशा कर्जाचा वार्षिक एकूण खर्च दर्शवणारे पत्रक कर्जदाराला आधी द्यावे लागते आणि रक्कम थेट त्याच्याच खात्यात यावी लागते. कर्ज देणारी बँक किंवा वित्तसंस्था कोण, हेच ज्या अ‍ॅपवर दिसत नाही, त्याला हात लावू नये. क्रेडिट कार्डाचेही तसेच आहे. मुदतीत पूर्ण रक्कम भरली तर सोय; थकली आणि महिन्याला तीन टक्के आकारणी झाली, तर चक्रवाढीने वर्षात साडेबेचाळीस टक्क्यांच्या पुढे जाते. हप्ता चुकल्याची नोंद पतमाहिती कंपन्यांकडे होते. आपल्या पेढीची पत आजोबांच्या शब्दावर होती. नातवाची पत या नोंदींवर ठरणार आहे.

पाचशे रुपयांचे काय होते?

आता चक्रवाढीची चांगली बाजू पाहू. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचा दर 1 एप्रिल 2020 पासून 7.1 टक्के झाला. हा दर सरकार बदलू शकते; पण तो कायम राहिला असे धरले, तर अठराव्या वर्षापासून दरमहा 500 रुपये भरणाऱ्याचे पंधरा वर्षांत 90,000 रुपये भरले जातात आणि हाती सुमारे 1,57,000 रुपये येतात. ‘एवढ्याने काय होणार? धंद्यात यापेक्षा अधिक सुटते,’ असे वडील म्हणतील. ते खरेही असेल. पण धंद्यातील नफा हा कष्ट, जागा आणि जोखीम यांचा मोबदला असतो. शिकणाऱ्या मुलाने यांपैकी काहीच गुंतवलेले नसते. त्याला मिळवायची आहे ती सवय, आणि ती रकमेपेक्षा मौल्यवान आहे.

ठेवताना पाहावे

आपल्या जिल्ह्याने या बाबतीत अलीकडेच किंमत मोजली आहे. शंभराहून अधिक वर्षांची परंपरा असलेल्या नगर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने 4 ऑक्टोबर 2023 रोजी रद्द केला. त्याआधीच पैसे काढण्यावर निर्बंध आले होते. ठेव विम्याची मर्यादा फेब्रुवारी 2020 पासून प्रत्येक ठेवीदारास प्रत्येक बँकेत, सर्व शाखा मिळून, मुद्दल व व्याजासह पाच लाख रुपये आहे. त्यामुळे लहान ठेवीदारांना संरक्षण होते. मोठी रक्कम एकाच ठिकाणी ठेवणाऱ्यांना मात्र पाच लाखांपलीकडच्या पैशासाठी थांबावे लागते. शैक्षणिक शुल्काची तारीख कोणासाठी थांबत नाही. म्हणून वर्षभराच्या शुल्काचा पैसा वेगळा, सहज काढता येईल असा ठेवावा आणि मोठी रक्कम एकाहून अधिक बँकांत विभागावी. पतसंस्थेतील ठेवींना हा विमा लागू नसतो, हेही मुलांना माहीत असावे.

गेल्या काही वर्षांत शेवगाव, श्रीगोंदा या आपल्याच तालुक्यांत शेअर बाजाराच्या नावाने दरमहा ठराविक परताव्याचे आमिष दाखवून ठेवी गोळा केल्याचे प्रकार उघडकीस आले, गुन्हे दाखल झाले. येथे रोजमेळ लिहिणाऱ्या मुलाने एकच गणित करावे. महिन्याला दहा टक्के म्हणजे चक्रवाढीने एका वर्षात रकमेची तिपटीहून अधिक वाढ. असा कोणता व्यापार आहे? आपल्या बाजारपेठेत पिढ्यान्‌पिढ्या धंदा करणाऱ्यांना तो सापडलेला नाही. आणि जे स्वतःच वायदे व ऑप्शनमध्ये उतरू पाहतात त्यांनी सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास लक्षात ठेवावा: 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत या व्यवहारांतील वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी 93 टक्के लोक तोट्यात गेले.

पालकांसाठी

मुलाने वही लिहावी असे वाटत असेल, तर दुकानाची वही त्याला वाचू द्यावी. पुष्कळ घरांत मुलांपासून आणि त्याहून अधिक मुलींपासून येणे-देणे लपवले जाते. ‘तू अभ्यास कर’ असे सांगितले जाते. मुलीचे लग्न होईल, तिला हिशेब कशाला, हा विचारही अजून पूर्ण गेलेला नाही. परंतु तिच्या नावावर ठेव असते, पुढे तिच्या सहीने भागीदारी किंवा जामीनकी होते. कोऱ्या कागदावर किंवा न वाचलेल्या कागदावर सही न करण्याचे बळ तिला माहेरीच मिळाले पाहिजे.

या महिन्यात प्रत्येक घराने चार कामे करावीत. मुलाच्या किंवा मुलीच्या नावावरील सर्व खाती व ठेवींची एका पानावर यादी करावी. त्या खात्याचा क्यूआर कोड दुकानात असेल तर काढून दुकानाच्या चालू खात्याचा लावावा. एक तारखेची रक्कम ठरवून पाठवावी. आणि मुले सुटीत घरी आली की त्यांची वही व दुकानाची वही शेजारी ठेवून तासभर एकत्र बसावे. वहीत चूक सापडली तर रागवू नये. शिल्लक का जुळत नाही, हे दोघांनी मिळून शोधावे.

पुढील अंकात शैक्षणिक कर्ज: मुलाचे शुल्क दुकानाच्या कॅश क्रेडिटमधून का भरू नये.