बोलण्याची जागा कोणाची?

भिवंडीतील कितीतरी यंत्रमागधारकांचा माग स्वतःचा असतो; परंतु सूत व्यापाऱ्याचे आणि विणलेले कापडही व्यापाऱ्याचेच. हाती पडते ती केवळ विणण्याची मजुरी. साधन आपले असूनही सूत्रे दुसऱ्याच्या हाती राहू शकतात, हे या शहराला कोणी शिकवायला नको. संगणकाच्या क्षेत्रातील स्वयंसेवकांना मात्र हा धडा २०२१ साली नव्याने गिरवावा लागला.

ज्या प्रणालींचे मूळ लेखन कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येते, अशा ‘ओपन सोर्स’ प्रकल्पांवर देशोदेशीची माणसे एकत्र काम करतात. त्यांना एक कचेरी नसते. त्यांच्या चर्चेचा कट्टा म्हणजे ‘आयआरसी’. १९८८ साली फिनलंडमधील औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी निर्माण केलेल्या या संभाषणपद्धतीचे नियम जाहीर आहेत आणि कोणालाही आपला सर्व्हर उभारून तिचे स्वतंत्र जाळे चालवता येते. ‘फ्रीनोड’ हे अशा प्रकल्पांचे सर्वांत गजबजलेले जाळे होते. सर्व्हर देणगीदाखल मिळालेले आणि व्यवस्था स्वयंसेवकांची. त्यामुळे हे जाळे सर्वांचे आहे, असेच सारे मानत होते.

परंतु २०१७ साली या नावाने एक कंपनी स्थापन झाली आणि तिची मालकी अँड्र्यू ली या उद्योजकाकडे गेली. चार वर्षे या कागदाकडे फारसे कोणी पाहिले नाही. मे २०२१ मध्ये जाळ्यावर अखेरचा शब्द कोणाचा, असा प्रश्न उभा राहिला, तेव्हा ली यांनी कायदेशीर मालकी आणि पुरवलेला पैसा पुढे केला. स्वयंसेवकांपाशी दाखवण्याजोगे होते ते वर्षानुवर्षांचे श्रम. श्रम आणि मालकीपत्र समोरासमोर आले की काय होते, हे या साप्ताहिकाच्या वाचकांना विस्ताराने सांगण्याची गरज नाही.

विशेष आहे ते पुढचे. १९ मे २०२१ रोजी स्वयंसेवकांनी सामुदायिक राजीनामे दिले आणि ‘लिबेरा चॅट’ हे नवे जाळे उभे केले. ते स्वीडनमध्ये नोंदलेल्या ना-नफा संस्थेचे असून ते चालवणारे स्वयंसेवकच तिचे सभासद आहेत. उबुंटू, जेंटू आणि मराठी विकिपीडिया ज्या कुटुंबातला आहे ती विकिमीडिया चळवळ, अशा अनेकांनी आपल्या वाहिन्या तिकडे हलवल्या. जुन्या जागेवर नव्या पत्त्याची पाटी लावावी, हा साधा शिष्टाचार. परंतु त्याच महिन्यात अशा पाट्या असलेल्या सुमारे ७०० वाहिन्या फ्रीनोडने ताब्यात घेतल्या. जूनमध्ये तर जुन्या खात्यांची नोंदवहीच बाजूला टाकण्यात आली. मालकाच्या हाती रिकामा वाडा राहिला.

हे स्थलांतर सुखाचे नव्हते. काही माणसे वाटेत गळाली, काही ओळखी तुटल्या. तरीही ते साधले, याचे श्रेय केवळ निर्धाराला देता येणार नाही. पद्धत खुली होती, म्हणून तीच साधने नव्या जागी चालली. आणि प्रत्येक प्रकल्पाची संघटना त्या जाळ्याबाहेरही जिवंत होती, म्हणून निर्णय एकत्र झाला. यांपैकी एकही गोष्ट नसती, तर राजीनामे हा निव्वळ त्रागा ठरला असता.

या कसोटीवर आपण स्वतःला तपासले पाहिजे. आज शाखेची सूचना, मोर्च्याची वेळ, वर्गणीचा हिशेब हे सारे व्हॉट्सअॅपवर चालते. ती जागा एका परदेशी कंपनीची आहे. जानेवारी २०२१ मध्ये तिने गोपनीयतेच्या नव्या अटी पुढे केल्या, तेव्हा अनेकांनी दुसरे अॅप घेतले आणि बरेच जण निमूटपणे परतले, कारण ज्यांच्याशी बोलायचे ती माणसे तिथेच होती. या जाळ्याचा दुसरा सर्व्हर कोणाला उभारता येत नाही. कामगार जिथे आहे तिथे कार्यकर्त्याने गेलेच पाहिजे, हे खरे. परंतु तेथे जाणे वेगळे आणि संघटनेचे दप्तर तेथेच सोडून येणे वेगळे.

भिवंडीला तर हा प्रश्न जिवाचा आहे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी हे शहर होरपळले. त्यानंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांच्या पुढाकाराने मोहल्ला कमिट्या उभ्या राहिल्या. दोन्ही समाजांची माणसे समोरासमोर बसू लागली. १९९२-९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली, यात त्या बैठकांचा मोठा वाटा होता. आज तणाव निर्माण होताच सरकार इंटरनेट बंद करू शकते. अफवा तर तोंडोतोंडीही पसरते. मग तिला उत्तर देणारी माणसे एकमेकांना कुठे गाठणार?

म्हणून प्रत्येक शाखेने सभासदांची नोंदवही स्वतःजवळ कागदावर ठेवावी. निरोपाचा दुसरा मार्ग आधीच ठरवून तो अधूनमधून वापरून पाहावा. जाणत्या तरुणांनी मॅट्रिक्ससारख्या खुल्या पद्धतींची ओळख इतरांना करून द्यावी. आणि आठवड्याची बैठक, फोन कितीही वाजोत, चुकवू नये. वाडा सोडण्याची वेळ येईल तेव्हा येईल. सोबत कोणाला न्यायचे, याची यादी मात्र मालकाच्या कपाटात असता कामा नये.