समुद्राच्या पोटात धूर पुरताना

गोटी सोडा फोडताना होणारा तो ‘फस्स’ आवाज आमच्या पिढीच्या कानांत अजून आहे. परवा जेवताना नातवाने विचारले, “आजोबा, कारखान्याचा धूर समुद्राखाली पुरतात म्हणे. मग तो सोड्यासारखा वर नाही का येणार?” प्रश्न पोरवयाचा, पण साऱ्या विषयाचे मर्म त्यातच आहे.

उत्तरासाठी नॉर्वेकडे पाहावे लागते. १९९१ साली त्या देशाने समुद्रातील तेल-वायू उद्योगाच्या कार्बन डायऑक्साइडवर, म्हणजे आपल्या शाळेतल्या कर्बवायूवर, कर बसवला. उत्तर समुद्रातील ‘स्लाइपनर’ क्षेत्राच्या नैसर्गिक वायूत तो सुमारे नऊ टक्के होता. विक्रीपूर्वी तो वेगळा काढावाच लागे. हवेत सोडला तर कर! कंपनीने हिशेब मांडला आणि १९९६पासून तो समुद्रतळाखाली ८०० ते १००० मीटरवरील वालुकाश्मात सोडायला सुरुवात केली. सुरुवातीची अनेक वर्षे दरसाल दहा लाख टनांच्या आसपास. तिथे पोकळ गुहा नाही. खडकाच्या बारीक छिद्रांत वायू दाबाने मुरतो आणि वरचा चिकणमातीच्या खडकाचा जाड थर त्याला झाकणासारखा अडवतो.

झाकण घट्ट असेल तर वायू वर येणार नाही, असे मी नातवाला सांगितले. पण झाकण घट्ट आहे की नाही, हे पाहायचे कोणी?

नॉर्वेकडून शिकायचे ते इथेच. तिथे ठरावीक काळाने ध्वनिलहरी सोडून खडकातील वायू कुठवर पसरला, याची चित्रे घेतली जातात. ‘स्नोव्हिट’ येथे २००८ साली हेच काम सुरू झाले, तेव्हा खडकातील दाब अपेक्षेपेक्षा लवकर वाढला. लक्ष होते म्हणून ते वेळीच कळले आणि २०११ साली थर बदलता आला. युरोपीय संघाच्या २००९च्या नियमांनुसार साठा बंद केल्यावरही साधारणपणे किमान २० वर्षे जबाबदारी कंपनीचीच असते. सरकारकडे सोपवताना पुढच्या देखरेखीचे पैसेही द्यावे लागतात.

२०२५ साली ब्रेविकच्या सिमेंट कारखान्यातील वायू जहाजाने किनाऱ्यावर आणून, तेथून नळाने समुद्राखाली २६०० मीटरवर नेण्यात आला. सिमेंटचा निम्म्याहून अधिक कर्बवायू चुनखडी भाजतानाच निघतो. सौरऊर्जा वापरली तरी तो थांबत नाही. त्यामुळे अशा उद्योगांना हा मार्ग उपयोगी आहे. मात्र या प्रकल्पाच्या खर्चाचा मोठा वाटा नॉर्वे सरकारने उचलला, हेही विसरू नये.

आता आपले काय? १९७४ साली ‘सागर सम्राट’ने मुंबई हायचे तेल शोधले. तिथला तेलसाठा आता उतरणीला लागल्याने ‘रिकाम्या जागेत वायू भरा’ हा विचार सुचणे साहजिक आहे. पण तिथला खडक प्रामुख्याने चुनखडीचा. कर्बवायू पाण्यात विरघळला की ते पाणी आम्लधर्मी होते आणि चुनखडीला खाऊ लागते. शिवाय अनेक दशकांत पाडलेल्या विहिरी म्हणजे झाकणाला पडलेली भोकेच. त्यांतली प्रत्येक नीट बुजवली आहे, याची खात्री आधी करावी लागेल. नॉर्वेचा आराखडा जसाच्या तसा इथे चालणार नाही.

प्रमाणाचेही भान हवे. भारताचे वार्षिक उत्सर्जन २५० कोटी टनांहून अधिक आहे. त्यापुढे स्लाइपनरचे दहा लाख टन म्हणजे चिमूटभर. तेव्हा हे तंत्र कोळसा खुशाल जाळत राहण्याचा परवाना ठरू नये.

यंत्रसामग्री परदेशातून आणता येईल. पण त्याआधी तीन गोष्टी कायद्यात लिहिल्या पाहिजेत: धुराची किंमत कोण मोजणार, पहारा कोण देणार आणि गळती झाली तर मच्छीमाराला भरपाई कोण देणार. आज पुरलेल्या वायूवरचा पहारा नातवाच्या उतारवयातही चालू असायला हवा. त्याची तजवीज न करता पहिली विहीर पाडू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.