क्लचखालची ओल

रमजान ईदच्या तिसऱ्या दिवशी चिपळूणला फुफीच्या दारात आमची गाडी रिव्हर्सला पडेना. गिअर घालायला गेलो की करकर आवाज. क्लच दाबला तर पेडल खाली जाऊन तिथेच बसले, बुटाच्या टोकाने वर उचलावे लागले. घरची मंडळी आत बसलेली, मांडीवर शिरखुर्म्याचा डबा, आणि पुढे कुंभार्ली घाट चढून कराडला पोहोचायचे होते.

त्याहून मोठी अडचण वेगळीच होती. गाडी आम्ही ईदच्या आधीच विकून बसलो होतो. मोहल्ल्यातला एक तरुण आठवडी बाजारात कपडे विकतो, त्याने दहा हजार विसार दिला होता. चक्कर मारून बघ म्हटले तर म्हणाला, "सर, तुमची गाडी म्हणजे बघायचं काय?" ईद झाली की गाडी त्याच्या ताब्यात द्यायची होती.

चिपळूणच्या मेकॅनिकने बॉनेट उघडले, टाकीत ब्रेक ऑईल ओतले, पेडल पाच-सहा वेळा पंप करायला लावले. गिअर पडू लागले. "जा बिनधास्त," म्हणाला. पोफळीपासून घाट चढलो, हेळवाकला चहाला थांबलो, तेव्हा पेडल पुन्हा दोन बोटे खाली आले होते.

ज्यांच्या गाडीत क्लचला तारेची केबल असते त्यांना हा प्रकार ठाऊक नसेल. आता बऱ्याच गाड्यांत केबलऐवजी तेल काम करते. पेडलच्या मागे मास्टर सिलिंडर, गिअरबॉक्सकडे स्लेव्ह सिलिंडर आणि दोघांना जोडणारा पाइप. पाय मास्टरला दाबतो, मास्टर तेलाला, तेल स्लेव्हला आणि स्लेव्ह क्लच सोडवतो. आम्ही भाषेचे शिक्षक, आम्हाला हे शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी सुईविना दोन सिरिंज आणि एक नळी घेऊन दाखवले. नळीत पाणी भरून एक सिरिंज दाबली की दुसरीचा दट्ट्या तितक्याच जोमाने बाहेर येतो. मग त्यांनी मुद्दाम हवेचा बुडबुडा आत सोडला. दट्ट्या अर्धवट हलला, कारण हवा दबते, पाणी दबत नाही. आमच्या क्लचचे हेच झाले होते. तेल कमी झाले, हवा शिरली, पेडल मऊ पडले. पंप केल्यावर थोडा वेळ जोर येतो, म्हणून लोक पंप करत महिनोन्‌महिने काढतात.

पण तेल गेले कुठे? खरा प्रश्न हा, आणि चिपळूणला तो कुणी विचारलाच नाही, आम्हीही नाही. कराडच्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी तो विचारला. पहिल्यांदा त्यांनी पायाखालची चटई उचलून पेडलच्या वरच्या बाजूला बोट फिरवले. तिथे ओल असेल तर दोष मास्टर सिलिंडरचा. पुष्कळांना वाटते मुलांनी पाण्याची बाटली सांडली, आणि ते चटई उन्हात टाकून मोकळे होतात. आमची चटई कोरडी होती. पाइप आणि त्याचे सांधेही कोरडे. मग त्यांनी इंजिन चालू ठेवून पेडल दाबून धरायला सांगितले. बाहेर एक थेंबही नसताना पेडल हळूहळू खचत गेले, तर मास्टरच्या आतल्या रबराने दाब सोडला असे समजतात. आमच्या गाडीत तर टाकीतली पातळीच उतरत होती, म्हणजे तेल बाहेरच पडत होते. (ब्रेक आणि क्लचची टाकी एकच असेल तर ब्रेक पॅड झिजल्यानेही पातळी थोडी उतरते, पण ती महिन्यांत, दिवसांत नव्हे.)

"रात्री गाडीखाली पुठ्ठा टाका," मिस्त्री म्हणाले. फजरला उठून पाहिले तर इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात नेमके त्याखाली रुपयाएवढे दोन डाग. इंजिन ऑईल काळपट असते आणि नुसत्या पाण्याने हातावरून जात नाही. हे पिवळसर, पातळ, बुळबुळीत, आणि नळाखाली धरताच धुऊन गेले. ब्रेक ऑईलच. ते गाडीच्या रंगावर सांडले तर रंग उठतो, म्हणून लगेच पाण्याने धुवावे. मुलांच्या हाताला तर ते लागूच देऊ नये.

जागा कळली तशी खर्चाची कल्पनाही आली. काही गाड्यांत स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या बाहेर दोन बोल्टवर असतो, तासाभरात बदलतो. आमच्या गाडीत तो आत, क्लचच्या मधोमध, बेअरिंगसह बसवलेला. त्याच्यासाठी अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. मिस्त्रींनी हिशेब सांगितला आणि आमचा चेहरा पाहून आवाज खाली केला. "नाहीतर ऑईल भरून एअर काढून देतो. दीड-दोन महिने कळणार नाही. गाडी देताय ना?"

खोटे का सांगा, घरी पोहोचेपर्यंत आम्ही तो विचार केला. जुनी गाडी आहे, जुन्या गाडीत काहीतरी निघतेच, त्यानेच बघायला नकार दिला, असे सगळे युक्तिवाद तयार होते. मदीनेच्या बाजारातला तो प्रसंग वर्गात आम्ही किती वेळा सांगितला असेल. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या राशीत हात घातला, बोटांना ओल लागली. व्यापारी म्हणाला, पाऊस लागला. तेव्हा प्रेषितांनी विचारले की भिजलेले धान्य वर का ठेवले नाहीस. पावसाचा दोष त्या व्यापाऱ्याचा नव्हताच. आमची ओलही गिअरबॉक्सच्या आतच होती, वरून काही दिसत नव्हते. आणि खरेदीदाराने तपासले नाही म्हणून विकणाऱ्याची सुटका होत नाही. ऐब लपवला असेल तर माल परत करण्याचा हक्क शरीयतने त्याला दिला आहे. शिवाय हा पोरगा कपड्यांची गाठोडी घेऊन आठवड्यातून दोनदा घाट उतरतो.

त्याच संध्याकाळी त्याला बोलावून पुठ्ठा दाखवला. विसार परत घे किंवा आठ दिवस थांब, म्हटले. तो थांबला.

गिअरबॉक्स उतरला तेव्हा क्लच प्लेटची कडाही तेलाने भिजलेली निघाली. भिजलेली प्लेट घसरते, ती पुसून बसवण्यात अर्थ नाही. एवढे खोलल्यावर प्लेट, प्रेशर प्लेट आणि स्लेव्ह सिलिंडर सगळे एकदमच बदलावे, नाहीतर चार महिन्यांनी तीच मजुरी पुन्हा. मजुरीसह पंधरा हजारांच्या वर गेले. बाहेरचा स्लेव्ह किंवा मास्टर असेल तर काही मेकॅनिक नुसते रबराचे किट घालून देतात. सिलिंडर आतून गुळगुळीत असेल तर ते चालते, खड्डे किंवा गंज असेल तर नवे रबरही लवकरच फाटते.

शेवटी एअर काढणे. याला दोन माणसे लागतात, आम्ही पेडलवर बसलो. मिस्त्रींनी खालच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक थोडे तेल असलेल्या बाटलीत बुडवले. ते "दाबा" म्हणायचे, आम्ही दाबून धरायचे, ते निपल सैल करायचे, बुडबुडे निघायचे, ते निपल कसायचे, मगच "सोडा". निपल उघडे असताना पाय उचलला तर हवा उलटी आत जाते. आम्ही एकदा उचलला आणि बोलणे खाल्ले, वर्गात मुलांना जसे बोलतो अगदी तसेच. मधूनमधून वरच्या टाकीत तेल घालत राहायचे, ती रिकामी पडली की सारी मेहनत पहिल्यापासून. बाटलीतले जुने तेल परत ओतायचे नाही. नवे तेल टाकीच्या झाकणावर लिहिलेलेच, डॉट ३ किंवा डॉट ४. इंजिन ऑईल चुकूनही नको, सगळी रबरे फुगून बसतात. हे तेल हवेतली ओल शोषते, म्हणून अर्धी उघडी बाटली वर्षभर ठेवून वापरू नये आणि गाडीतलेही साधारण दोन वर्षांनी बदलावे.

रस्त्यात पेडल बसले तर काय, हेही मिस्त्रींना विचारून घेतले. पंप करून पाहावे, गिअर पडला तर त्याच गिअरमध्ये हळू कडेला यावे. उतारावर गाडी न्यूट्रलला काढू नये. टाकी एकच असेल आणि ब्रेकचा लाल दिवा लागला तर तिथेच थांबावे, पुढे नेऊ नये.

टाकीवर मुलीच्या स्केचपेनने रेघ ओढली. आठ दिवसांनी पाहिले, तेल रेघेवरच होते, पुठ्ठा कोरडा. किल्ली देताना तो तरुण म्हणाला, "सर, प्लेट तर नवीन झाली, निम्मे मी देतो." आम्ही नको म्हणालो. दुसऱ्यांदा म्हणाला तेव्हा प्लेटचे निम्मे घेतले, सिलिंडरचे नाही. कपड्यांच्या खोक्यांचे पुठ्ठे त्याच्याकडे ढीगभर असतात, आता रोज रात्री एक गाडीखाली टाकतो म्हणे.