पन्नाशीनंतर स्वरलिपी वाचायला शिकावी का?

"डॉक्टर, पेटी शिकलो तर विसरभोळेपणा कमी होईल का?" जळगाव-धुळ्याकडचे निवृत्त शिक्षक, बँकेतली मंडळी हल्ली हे बऱ्याचदा विचारतात. माझं मत असं: जरूर शिका. पेटीच कशाला, नातवासाठी आणलेला कॅसिओ माळ्यावर पडला असेल तर तोच खाली काढा. पण नुसती बोटं पाठ करू नका, स्वरलिपी वाचायला शिका.

मोबाईलवर बघून 'ही काळी, मग ती पांढरी' असं गाणं बसतं, पण ती नक्कल झाली. कागदावरून वाजवताना डोळे पुढची मात्रा बघतात, बोट आत्ताचा स्वर दाबतं आणि कान मागचा तपासतो. पियानोच्या पाश्चात्त्य लिपीत तर पाच रेषांचे दोन संच, साधारणपणे वरचा उजव्या हाताला, खालचा डाव्या. अवघड वाटत असेल तर भातखंडे लिपीपासून सुरुवात करा. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर. एवढ्यावर साधी सरगम वाचता येते.

यानं स्मृतिभ्रंश टळतो असं मी लिहून देणार नाही. वाद्य वाजवणाऱ्यांत तो कमी दिसल्याची निरीक्षणं आहेत, पण ही माणसं बहुधा शिकलेली आणि चार लोकांत मिसळणारीही असतात. फायदा नेमका कशाचा, हे वेगळं काढणं कठीण. रोजचा रस्ता चुकत असेल, तोच प्रश्न पुन्हापुन्हा विचारला जात असेल, तर क्लासच्या आधी तपासणी करा. बी-१२ची कमतरता किंवा थायरॉईड निघाला तर त्यावर औषध आहे. आपल्याकडच्या शुद्ध शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं मला नवीन नाही.

चष्म्याचंही बघा. जवळचा नंबर पुस्तक हातात धरण्याच्या अंतरासाठी असतो, वहीचा स्टँड त्याहून लांब. मग हनुवटी वर करून वाचायचं आणि महिन्याभरात मान धरली म्हणून यायचं! स्टँडचं अंतर मोजून डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा. विष्णु दिगंबर पलुस्करांचे डोळे लहानपणी फटाक्यानं अधू झाले होते, तरी त्यांनी स्वतःची स्वरलिपी तयार केली आणि १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. आपल्याला तर फक्त नंबर बदलायचा आहे.

सुरुवातीला वीस मिनिटं पुरेत. रात्री अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होऊन जाग येत असेल, तर रियाज थांबवून हात दाखवून जा.