दुकान मोबाईलवर, नाव कोणाच्या मालकीचे?

रमजान जवळ आला की आमच्या मोहल्ल्यातील कित्येक घरांत पाकिटे भरली जाऊ लागतात. कुठे बिर्याणीचा मसाला, कुठे अत्तर, कुठे घरी शिवलेले अबाये. ऑर्डर मोबाईलवर येते, पैसेही मोबाईलवरच. पूर्वी गिऱ्हाईक दुकानदाराला तोंडाने ओळखत असे. आता त्याला दिसते ते फक्त नाव, आणि ते नाव दुसऱ्या कोणी आपल्या पाकिटावर छापले तर गिऱ्हाईकाला कळणार कसे?

भगिनी आम्हाला विचारतात, "गुमास्ता लायसन्स काढले, जीएसटी नंबर घेतला, मग नाव आमचेच झाले ना?" नाही. त्या कागदांनी धंदा नोंदवला जातो, नावावर मालकी मिळत नाही. ती ट्रेडमार्क कायदा, 1999 खाली मागावी लागते. अर्ज ऑनलाइन करता येतो. एकट्या व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला एका वर्गासाठी 4,500 रुपये शुल्क आहे. माल आणि सेवा मिळून 45 वर्ग आहेत : मसाले 30 मध्ये, कपडे 25 मध्ये, अत्तर 3 मध्ये. इतरांचा माल आपल्या ऑनलाइन दुकानातून विकायचा असेल तर वर्ग 35. मसाला आणि अत्तर दोन्ही विकणारीला दोन वर्गांचे पैसे भरावे लागतात, हे आधीच हिशेबात धरावे.

अर्जापूर्वी ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर तेच नाव शोधून पाहावे. त्याला पैसे पडत नाहीत. स्पेलिंग बदलून भागत नाही, कारण उच्चारातील साम्यही पाहिले जाते. अर्ज स्वीकारला गेला की नाव जर्नलमध्ये छापतात आणि चार महिन्यांत कोणीही हरकत घेऊ शकतो. नोंदणी दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण. नोंदणी होईपर्यंत नावापुढे 'टीएम' लिहिता येते, पण वर्तुळातला 'आर' लावणे बेकायदा आहे.

नाव निवडतानाच पुष्कळांची गाडी अडते. 'ताजा मसाला' यासारखे नुसते वर्णन सहसा कोणा एकाला मिळत नाही. आपल्याकडे बरकतीसाठी धार्मिक नाव ठेवण्याची हौस मोठी. 2015 मध्ये अगरबत्तीच्या 'रामायण' या नावाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. कुरआन, बायबल, गुरु ग्रंथसाहिब, रामायण यांसारख्या पवित्र ग्रंथांच्या नावावर कोणालाही ट्रेडमार्क म्हणून हक्क सांगता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. आम्हाला हे पटते. पाकीट रिकामे झाले की ते कचऱ्यातच जाते.

ज्यांनी नोंदणी केली नाही त्यांचे सगळेच गेले असेही नाही. तिरुनेलवेलीच्या 'इरुट्टुकडै' हलव्याच्या खटल्यात, त्याच वर्षी, नाव आधीपासून वापरणाऱ्याचा हक्क नंतरच्या नोंदणीपेक्षा वरचढ ठरला. संकेतस्थळाच्या नावालाही असे संरक्षण मिळते, हे 2004 च्या सत्यम इन्फोवे खटल्यात ठरले आहे. मात्र आधीचा वापर सिद्ध करावा लागतो. त्यासाठी पाकिटे छापल्याचे पहिले बिल, कुरिअरच्या पावत्या, तारखेसह ऑर्डरचे संदेश जपून ठेवावेत. मोबाईल बदलताना हे सगळे पुसले जाते, आणि पुरावाही तिथेच संपतो.

आता ज्याबद्दल घरात कोणी बोलत नाही ते. मसाला भाजते अम्मी, पाकिटे भरते सून, आणि अर्जावर नाव मात्र मिया किंवा थोरल्या भाईजानचे, का तर "कागदपत्रे त्यांना समजतात." ट्रेडमार्क ही मालमत्ता आहे. ती विकता येते, लिहून देता येते, वारशातही जाते. उद्या घर वेगळे झाले, तलाकची वेळ आली किंवा भावाभावांत वाटणी झाली, तर जिने नाव कमावले तिला तेच नाव वापरण्यासाठी दुसऱ्याची परवानगी मागावी लागू शकते. कागदपत्रे भाईजानने जरूर भरावीत. अर्जदार म्हणून नाव आणि सही मात्र तिचीच असावी, आणि दोघींची मेहनत असेल तर दोघींची.